जिंकणार कोण ते ठाऊक, कसं ते नाही

डेन्मार्क जर्मन फौजांच्या ताब्यात असताना, २६ डिसेंबर १९४२ रोजी कोपनहेगनच्या ‘पोलितिकेन’ या दैनिकात एक नवा खेळ छापून आला. कर्ता होता पीट हाइन. गणिताची ओढ असलेला हा माणूस पुढे कवी म्हणूनही गाजला. काही वर्षांनी अमेरिकेत, प्रिन्स्टन विद्यापीठात, जॉन नॅश या तरुण गणितज्ञाला हाच खेळ स्वतंत्रपणे सुचला. हे तेच नॅश, ज्यांना १९९४ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. १९५२ साली पार्कर ब्रदर्स कंपनीने तो बाजारात आणला आणि त्याचं ‘हेक्स’ हे नाव रूढ झालं.

नियम दोन मिनिटांत कळतात. षटकोनी घरांचा चौकटीसारखा, थोडा तिरपा पट. सहसा ११ ओळी, ओळीत ११ घरं, म्हणजे १२१. समोरासमोरच्या दोन कडा काळ्याच्या, उरलेल्या दोन पांढऱ्याच्या. आळीपाळीने एकेक सोंगटी रिकाम्या घरात ठेवायची. ठेवलेली सोंगटी हलत नाही, मारलीही जात नाही. आपल्या दोन कडा सलग सोंगट्यांनी जो जोडेल तो जिंकला.

या खेळात बरोबरी होतच नाही. पट पूर्ण भरला तरी एक जण, आणि एकच जण, जिंकलेला असतो. काळ्या सोंगट्यांना पाणी समजा आणि पांढऱ्यांना बांध. पाणी पलीकडे पोहोचलं नाही, तर ते अडवणारा अखंड बांध कुठेतरी उभा असणारच. चौकोनी घरांवर हे जमत नाही, कारण तिथे एका कोपऱ्यावर चार घरं भेटतात आणि दोघांचीही वाट एकाच ठिकाणी अडू शकते. षटकोनात तीनच भेटतात. ऐकायला हे साधं वाटतं, पण १९७९ साली डेव्हिड गेल यांनी दाखवलं की ब्राउअरच्या स्थिरबिंदू प्रमेयाशी हे तुल्य आहे. प्रमेय गणिताच्या पदव्युत्तर वर्गात शिकवतात; खेळ दहा वर्षांचं पोरही खेळतं.

आता नॅश यांची खरी करामत. समजा, दुसऱ्या खेळाडूकडे हमखास जिंकण्याची युक्ती आहे. मग पहिल्याने पहिली सोंगटी कुठेही टाकावी आणि त्यानंतर आपणच दुसरे आहोत असं मानून तीच युक्ती वापरावी. युक्तीने सांगितलेलं घर आधीच आपलं असेल, तर आणखी कुठेतरी ठेवावी. हेक्समध्ये जादा सोंगटी कधीच नडत नाही. म्हणजे दोघंही जिंकणार! हे अशक्य, तेव्हा दुसऱ्याकडे अशी युक्ती नाहीच. आणि बरोबरी होत नसल्यामुळे ती पहिल्याकडे असायलाच हवी.

पण ती युक्ती कोणती? सिद्धता त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. ‘आहे’ हे सिद्ध करणं आणि ‘ही घ्या’ म्हणून हातात ठेवणं यांतलं अंतर इतक्या लख्खपणे दाखवणारा दुसरा खेळ मला तरी माहीत नाही. पट जसा वाढतो तसं कोडं भयंकर वेगाने अवघड होतं. कुठलीही मांडणी पाहून झटपट निकाल देणारी कृती सापडण्याची आशा धरू नये, इतका हा प्रश्न कठीण असल्याचं १९८१ साली श्टेफान राइश यांनी सिद्ध केलं. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी संगणकाच्या मदतीने ९ बाय ९ पर्यंतच्या पटांवर प्रत्येक पहिल्या खेळीचा निकाल शोधला आहे. मोठ्या पटांची कहाणी अजून अर्धवट आहे.

पहिल्याचा हा फायदा काढून घेण्याची तोड मोठी सोपी आहे. पहिली सोंगटी पडली की दुसऱ्याने हवं तर बाजू बदलून तीच आपली करायची. म्हणून पहिली खेळी फार चांगलीही चालत नाही, फार वाईटही नाही. पट विकत आणायची गरज नाही. कागदावर षटकोन काढा, दोन रंगांच्या पेन्सिली घ्या आणि आधी ५ बाय ५ वर खेळून पाहा. पहिली खेळी मधल्या घरात करू नका. समोरचा लगेच बाजू बदलेल.