अन्यायाचा संताप आणि आपले कर्तव्य

शासनाच्या हातून माणसाचे मूलभूत हक्क हिरावले जात असल्याचे पाहून मनात दुःख व संताप दाटून येणे, हे दुबळ्या श्रद्धेचे लक्षण नव्हे. प्रभू येशूने येरुशलेमसाठी अश्रू ढाळले. शब्बाथदिवशी रोग्याला बरे करण्यास विरोध करणाऱ्यांच्या कठोर मनाचा त्याला रागही आला. प्रश्न इतकाच, की या भावनेचे पुढे काय करावयाचे?

येशूसंघीय धर्मगुरू फादर स्टॅन स्वामी यांना ८ ऑक्टोबर २०२० रोजी एल्गार परिषद प्रकरणात रांची येथे अटक झाली. तेव्हा ते ८३ वर्षांचे होते. कंपवातामुळे त्यांना पेला हाती धरता येत नसे. तळोजा कारागृहात असताना पाणी पिण्यासाठी साधी नळी मिळावी, म्हणून त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. लोक हळहळले; अनेकांनी कारागृहाच्या पत्त्यावर नळ्या पाठवल्या. ही करुणा मोलाची होती. तथापि ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात त्यांचे निधन झाले, तेव्हा खटला सुरूही झालेला नव्हता.

असे का घडले, हे समजून घेतले पाहिजे. बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंध) कायद्याच्या कलम ४३-ड (५) नुसार आरोप सकृद्दर्शनी खरा वाटल्यास न्यायालयास जामीन देता येत नाही. ही तरतूद डिसेंबर २००८ मध्ये, मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यानंतर काही आठवड्यांतच आली. तेव्हा सारा देश शोकात व भीतीत होता. हक्क बहुधा अशाच क्षणी झिजतात. भावनेच्या भरात जे गमावले, ते केवळ भावनेने परत मिळत नाही.

फादर स्टॅन यांनी स्वतः वेगळा मार्ग दाखवला होता. झारखंडमधील आदिवासी कच्च्या कैद्यांचे दुःख पाहून ते केवळ संतापले नाहीत. त्यांनी पाहणी केली, माहिती जमवली आणि उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशातील दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन कच्चे कैदी होते. अटकेतील प्रत्येक व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार मोफत वकील मागता येतो. अनेक गरीब कुटुंबांना हे ठाऊक नसते. आपल्या धर्मग्रामातील वकील व कार्यकर्ते यांनी ही माहिती अशा एका जरी घरी पोहोचवली, तरी आपला संताप व्यर्थ जाणार नाही.