ओपनऑफिसमधून लिबरऑफिस का फुटलं?

जानेवारी २०१० मध्ये ओरॅकलने सन मायक्रोसिस्टिम्स विकत घेतली आणि ओपनऑफिस हे मोफत सॉफ्टवेअरही तिच्याकडे गेलं. सगळे निर्णय एकाच कंपनीच्या हाती असणं अनेक स्वयंसेवकांना मान्य नव्हतं. २८ सप्टेंबरला त्यांनी द डॉक्युमेंट फाउंडेशनची घोषणा केली आणि त्याच कोडवरून लिबरऑफिस सुरू केलं. यालाच 'फोर्क' म्हणतात.

हे कायदेशीर होतं का? हो. कोड वापरण्याची, बदलण्याची आणि वाटण्याची मुभा परवान्यातच होती. ओपनऑफिस हे नाव मात्र ट्रेडमार्क असल्याने ओरॅकलकडेच राहिलं.

म्हणजे वेगळं होताना कोड नेता येतो, नाव नाही. माणसं सोबत येतील का, हेही परवाना ठरवत नाही. इथे ती आली. २०११ मध्ये उबुंटूने लिबरऑफिस स्वीकारलं, तर ओरॅकलने ओपनऑफिस अपाची फाउंडेशनला देऊन टाकलं.