जुन्या घरात एक रात्र: फोंतेन्हासचा मुक्काम आणि आमचं वेंगुर्ल्याचं घर

हेडफोन लावलेत ना? आजचा भाग जरा घरगुती आहे. ठिकाण पणजी, महिना जुलै, बाहेर धो धो पाऊस. रात्रीचे दोन वाजलेत आणि मी बाबांबरोबर एका जुन्या हॉटेलच्या व्हरांड्यात उभी आहे. वरून पाणी टपकतंय, खाली बादली ठेवलीय. आणि बाबा चक्क खूश आहेत!

तिथे कसे पोचलो ते आधी सांगते.

वेंगुर्ल्याला आमचं जुनं घर आहे. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढे पडवी. कागदावर अकरा नावं. गेल्या गणपतीत सगळे जमलो तेव्हा विषय निघाला. मोठे काका म्हणाले, पाडूया आणि स्लॅबचं बांधूया. चुलतभाऊ म्हणाला, पाडताय कशाला, हेरिटेज होमस्टे करूया, लोक जुन्या खाटेवर झोपायला हजारो रुपये देतात. बाबा काहीच बोलले नाहीत. ठरलं एवढंच की पुढच्या गणपतीत निर्णय घ्यायचा.

मग मी म्हटलं, भांडायच्या आधी एकदा बघून तरी येऊया. जुनं घर हॉटेल होतं म्हणजे नेमकं काय होतं? पावसाळ्यात दर कमी असतात. एक रात्र बुक केली, बाबांना घेतलं आणि सकाळची एसटी पकडली.

फोंतेन्हास तुम्ही रील्समध्ये नक्की पाहिलंय. पिवळ्या, निळ्या, लाल भिंती, अरुंद गल्ल्या, लोखंडी कठड्यांचे सज्जे. अल्तिनो टेकडीच्या पायथ्याशी, ओरें खाडीच्या बाजूला ही वस्ती आहे. टेकडीखाली एक झरा आहे, त्यावरून हे नाव पडलं. पोर्तुगीज भाषेत ‘फोंत’ म्हणजे झरा. जुनं गोवं साथीच्या रोगांनी ओस पडत गेलं आणि १८४३ साली राजधानी अधिकृतपणे पणजीला आली. त्या काळात ही वस्ती भरत गेली. म्हणजे आज आपण ज्याला फोटो पॉइंट म्हणतो, ती मुळात राहत्या लोकांची आळी. आजही आहे.

आमचं हॉटेल अशाच एका शंभरी ओलांडलेल्या घरात होतं. नाव सांगत नाही, कारण ही जाहिरात नाही. दार उघडलं आणि बाबा उंबऱ्यातच थांबले. म्हणाले, “हंयसर आपल्या घराचोच वास येता गो.” चुना, ओलं लाकूड आणि बंद कपाट यांचा मिळून जो वास होतो ना, तो.

आता खोलीत येऊया. अशा खोलीला ‘पीरियड डेकोर’ म्हणतात, म्हणजे एखाद्या काळात ती जशी दिसली असती तशी सजवलेली. मला वाटायचं हा सगळा शोभेचा मामला आहे. बाबा एकेक वस्तू बघत गेले आणि माझ्या लक्षात आलं, इथे जवळजवळ प्रत्येक वस्तू कुठल्या तरी अडचणीवरचं उत्तर आहे.

पहिली खाट. शिसवी, चार कोपऱ्यांना चार उंच खांब. फोटोत राजेशाही वाटते. पण खांब कशाला? मच्छरदाणी बांधायला! खाडीच्या काठची वस्ती, डास ठरलेले. खुर्च्यांना गादी नाही, वेताची विणलेली बैठक आहे. दमट हवेत कापसाच्या गादीला बुरशी येते. वेतातून वारा जातो, पाठ घामेजत नाही.

दुसरी खिडकी. लाकडी चौकटीत तळहाताहून लहान असे पांढुरके चौकोन बसवलेले. मला काच वाटली. ते शिंपले होते. एका जातीच्या कालवाचे शिंपले इतके सपाट आणि पातळ असतात की त्यांतून उजेड येतो, पण ऊन टोचत नाही. काच महाग होती तेव्हा गोव्यात खिडक्यांना हेच लावायचे. आतून बघितलं तर दुपारचा उजेड दुधासारखा दिसतो. कुठलाही फिल्टर न लावता! पण आता तुटलेला शिंपला बदलणं सोपं नाही. हा जीव २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आला. त्यामुळे जुने आहेत तेच जपायचे.

तिसरी जमीन. नक्षीदार फरश्या. या भट्टीत भाजलेल्या नसतात. रंगीत सिमेंट साच्यात ओतून वर जोरदार दाब देतात. रंगाचा थर काही मिलिमीटर जाड असतो, म्हणून वर्षानुवर्षं पाय घासले तरी नक्षी जात नाही, उलट चमक येते. मुंबईतही १९२२ पासून अशा फरश्या बनतायत. तेव्हा परदेशी फरश्यांना तो स्वदेशी पर्याय होता.

बाहेर भिंतीवर निळ्या-पांढऱ्या टाइल्सवर नाव लिहिलेलं होतं. त्यांना ‘अझुलेज’ म्हणतात. पोर्तुगीज भाषेत ‘अझुल’ म्हणजे निळा, म्हणून सगळ्यांना वाटतं शब्द तिथून आला. खरं तर तो अरबी आहे, घासून गुळगुळीत केलेला छोटा दगड या अर्थाचा. आणि गल्लीतल्या अशा बऱ्याच टाइल्स अलीकडे बनवलेल्या आहेत. म्हणजे जुन्या वस्तीत दिसणारं सगळंच जुनं नसतं.

मग खरं जुनं ओळखायचं कसं? बाबांनी मला तीन खुणा दाखवल्या. मोबाइलचा टॉर्च पुरतो. एक, टेबलाचा खण बाहेर काढा आणि कोपऱ्यातले सांधे बघा. हाताने कापलेले सांधे सारखे नसतात, मशीनचे एकदम एकसारखे. दोन, वस्तूची मागची बाजू बघा. पुढून शिसव आणि मागे प्लायवूड असेल तर ती नवी. तीन, झीज कुठे आहे ते बघा. खुर्चीच्या हातावर, उंबऱ्याच्या मध्यावर झीज असेल तर ते वापराने झालंय. सगळीकडे सारखीच झीज दिसली तर कुणीतरी पॉलिश पेपर घासलाय.

या परीक्षेत आमची खाट पास, कपाट नापास. आणि बाथरूम? ते तर घरातलं सगळ्यांत तरुण! जुन्या घरांत संडास-न्हाणी खोलीला जोडून नसायची. पाहुण्यांसाठी ती नंतर आत घ्यावी लागते, आणि जुन्या भिंतीत पाइप नेणं हाच मोठा खर्चाचा भाग असतो. बाबांनी हे वहीत लिहून घेतलं.

आता रात्रीचे दोन.

टप टप आवाजाने जाग आली. व्हरांड्यात पाणी गळत होतं. हॉटेलातला रात्रपाळीचा माणूस बादली घेऊन आला, माफी मागायला लागला. बाबांनी वर बघितलं आणि म्हणाले, “कौल सरकलंय. मांजर असणार.” झालं! तो माणूस हसला आणि दोघांची जी गट्टी जमली, ती तीन वाजेपर्यंत.

मंगलोरी कौलाची गंमत अशी की ती एकमेकांत अडकतात. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला कारखाना काढला आणि ही कौलं अख्ख्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली. त्याआधी आपल्याकडे नळे होते, ते दर वर्षी परतावे लागायचे. मंगलोरी कौलं जास्त टिकतात, पण पणजीत वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. एक कौल बोटभर सरकलं की वासा भिजतो, वासा भिजला की कुजतो. म्हणून दर मे महिन्यात शाकारणी. त्या माणसाचं म्हणणं होतं, इथलं भाडं आधी छताला लागतं, मग उरलं तर मालकाला.

त्याने अजून एक गोष्ट दाखवली. व्हरांड्यातल्या एका भिंतीचा रंग पोपडे धरून सुटला होता. पूर्वी कुणीतरी तिथे सिमेंटचा गिलावा केला होता. चिरा ओल ओढून घेतो. वर चुना असेल तर ती ओल बाहेर उडून जाते. सिमेंटने वाट बंद होते, मग पाणी आतच राहतं आणि भिंत पोखरते. बाबा एकदम गप्प झाले. दहा वर्षांपूर्वी आमच्या देवघराची भिंत ‘पक्की’ करायला त्यांनीच सिमेंट लावलं होतं. तेव्हापासून ती ओलीच आहे.

सकाळी पाऊस थांबला तशी मी एकटीच फिरायला निघाले. एका घराच्या पायरीवर बसून सेल्फी काढत होते तेवढ्यात वरची खिडकी उघडली. एक आजी. रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, “बाय, मला दूध आणायला खाली उतरायचं आहे.” मी इतकी ओशाळले! पुढे दोन-तीन दारांवर पाट्याच होत्या, फोटो काढू नका म्हणून. आपण ज्याला बॅकग्राउंड समजतो, ते कुणाचं तरी दार असतं. आणि आमचा होमस्टे झाला तर आमच्या शेजारच्या काकूंच्या दारात हेच होणार.

त्या गल्लीत बंद घरंही दिसली. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेला नागरी कायदा आहे. निम्मी मालमत्ता मुलांसाठी राखीव, ती कुणाला डावलून देता येत नाही. न्याय चांगलाच. पण दोन-तीन पिढ्यांत एका घराला वीस मालक होतात, कुणी लिस्बनला, कुणी लंडनला. मग छपराचा खर्च कुणी करायचा? आमच्याकडे कायदा वेगळा, पण गत तीच. अकरा नावं आणि शाकारणीला एकटे बाबा.

परतीच्या एसटीत मी विचारलं, “मग काय ठरवलंत?” बाबा म्हणाले, “होमस्टे करायचा की नाही ते तुम्ही पोरं ठरवा. पण आधी देवघराचं सिमेंट काढूया. आणि शाकारणीचे पैसे अकरा जणांनी द्यायचे. देणार नसतील तर पाडायचं का, हे त्यांनीच माझ्या तोंडावर सांगावं.”

तर मंडळी, मला हे एका रात्रीत कळलं. जुनं घर जुन्या वस्तूंनी टिकत नाही. दर वर्षी मे महिन्यात कुणीतरी छपरावर चढतं, म्हणून टिकतं. तुम्ही अशा हॉटेलात गेलात तर खाटेचा फोटो जरूर काढा, पण एकदा मान वर करून छताकडेही बघा. आणि तुमच्या गावी असं घर असेल तर घरच्यांना एक फोन करा. विचारा, यंदा शाकारणी कुणी केली? पैसे कुणी दिले?

गणपतीनंतरच्या भागात सांगते आमचं काय झालं ते. तोवर काळजी घ्या, भेटूया!