अजून शिकतेच का तुमची मुलगी?

सदाशिव पेठेत शिकणाऱ्यांची वाण नाही. पूर्वी येथे वाड्यावाड्यांतून वार लावून जेवणारे विद्यार्थी असत. आज दर चार पावलांवर अभ्यासिकेची पाटी दिसते, आणि खानावळींत स्पर्धा परीक्षांची मुले पुस्तक उघडे ठेवूनच जेवतात. अशा पेठेतही एका मुलीने आमच्या इमारतीला कोड्यात टाकले होते. वय अठ्ठावीस. बी. ई. झाली, एम. टेक. झाली, तरी रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडे आणि रात्री उशिरा येई. एके दिवशी जिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तिच्या आईला गाठलेच. "अहो वहिनी, अजून शिकतेच का तुमची मुलगी? करते तरी काय?"

आई गप्प राहिली. मागून येणारी मुलगी हसून म्हणाली, "काकू, मी लाटा मोजते. कागदावर मावत नाहीत, म्हणून संगणकावर."

तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते. ते समजून घ्यावयाचे तर थोडे मागे जावे लागेल.

मॅक्सवेल या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८६५ साली वीज आणि चुंबकत्व यांना एकाच सूत्रात बांधले. पुढे हेविसाइडने त्या पसाऱ्याची चार आटोपशीर समीकरणे केली. हर्ट्‌झने १८८७-८८ मध्ये या लाटा प्रयोगाने दाखविल्या, आणि १८९५ साली आपल्या जगदीशचंद्र बोसांनी कलकत्त्यात त्यांचे जाहीर प्रात्यक्षिक केले. रेडिओ, रडार, खिशातला मोबाइल या सर्वांचे मूळ त्या चार समीकरणांत आहे.

मग अडते कोठे? आकारात. गोल चेंडू किंवा सरळ नळी असेल, तर समीकरणे कागद-पेन्सिलीने सुटतात. गोलावर आपटणाऱ्या लाटेचे नेमके उत्तर मी या जर्मन शास्त्रज्ञाने १९०८ सालीच काढून ठेवले आहे. पण हातात धरलेला फोन, विमानाचे नाक, वाकडीतिकडी अँटेना यांना असे सरळ उत्तर नाही.

ठिपक्यांची रांगोळी

१९६६ साली केन यी यांनी एक युक्ती सुचविली. आपल्या गृहिणींना ती चटकन कळेल. सारी जागा ठिपक्यांच्या रांगोळीसारखी लहान लहान चौकटींत वाटून टाकावी. प्रत्येक चौकटीने फक्त शेजारच्या चौकटींकडे पाहून आपली वीज आणि आपले चुंबकत्व ठरवावे. मग काळ एक पाऊल पुढे सरकवावा आणि पुन्हा तेच करावे. गणित सोपे, पण ते कोट्यवधी वेळा करावे लागते.

किती? पुण्याच्या उत्तरेस नारायणगावजवळ खोडद येथे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत. तबकडी भरीव पत्र्याची नाही, तारांच्या जाळीची आहे. जाळीची भोके १० ते २० मिलिमीटरची. त्यामुळे वारा आरपार जातो, वजन आणि खर्च कमी होतो. परंतु २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओ लाट मात्र बहुतांशी परत फिरते. किती लाट परतते आणि किती गळते, हा नेमका या शास्त्राचा प्रश्न.

आता चौकट लाटेच्या सुमारे दहाव्या हिश्श्याएवढी, म्हणजे २ सेंटिमीटरची, धरा. ४५ मीटरमध्ये एका बाजूस २,२५० चौकटी बसतात. लांबी, रुंदी, उंची मिळून १,१३९ कोटी! आणि जाळीची एकेक तार दाखवावयाची तर याहून कितीतरी बारीक चौकट हवी. म्हणून कोणी फक्त पृष्ठभागच मोजण्याची पद्धत वापरतो, कोणी दोन पद्धतींची सांगड घालतो. कोणते ठेवावे आणि काय सोडून द्यावे, हे ठरविण्यातच या विषयातल्या संशोधकाची कसोटी असते.

गुरू आणि शिष्य

खोडदच्या दुर्बिणीमागे असाच एक जुना शिष्य होता. गोविंद स्वरूप यांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात रोनाल्ड ब्रेसवेल यांच्या हाताखाली १९६१ साली डॉक्टरेट मिळविली. होमी भाभांच्या बोलावण्यावरून ते १९६३ साली मायदेशी परतले. ऑस्ट्रेलियाने वापरून झालेल्या ३२ लहान तबकड्या भारताला दिल्या होत्या. त्या त्यांनी कल्याणजवळ उभ्या केल्या. १९७० साली उटीची ५३० मीटर लांबीची दुर्बीण झाली, आणि २००१ साली खोडदची दुर्बीण राष्ट्राला अर्पण झाली. २०२० साली स्वरूप निवर्तले. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांनी पुढे आपले शिष्य घडविले. डॉक्टरेटचे खरे फळ असे पिढ्यान्‌पिढ्या पाझरत जाते.

आमच्या मुलीचे काम इतके भव्य नव्हते. एका लहानशा अँटेनाचे वर्तन संगणकावर काढावयाचे आणि प्रयोगशाळेतील मोजमापाशी ताडून पाहावयाचे, एवढेच. पण चार महिने ताळा जमेना. शिष्यवृत्तीची मुदत संपत आलेली, घरात स्थळांची बोलणी चाललेली. एका रात्री तिच्या मनात आले की, एक आकडा जरासा ओढला तर दोन्ही रेघा एकमेकींवर बसतील. कोणाला कळणार आहे?

दुसऱ्या दिवशी तिने हे सरांना सांगितले. सर रागावले नाहीत. म्हणाले, "रेघ जुळेल ग, पण तुला काय कळेल? आधी गोल घे. त्याचे उत्तर आपल्याला ठाऊक आहे."

गोलाचे उत्तर तंतोतंत आले. म्हणजे समीकरणे बरोबर होती. मग सर म्हणाले, "आता अँटेनाभोवतालची भिंत दूर सरकव. उत्तर हलले, तर दोष भिंतीचा."

ही भिंत म्हणजे काय? पेशवाईत कात्रजच्या तलावाचे पाणी पेठेतल्या हौदांत येई. हौदात खडा टाकला की लाट काठावर आपटून परत येते. संगणकातली जागाही अशीच हौदासारखी काठ असलेली. म्हणून काठाशी लाट गिळणारा थर लावतात. त्याची उत्तम रीत बेरेंजर या फ्रेंच संशोधकाने १९९४ साली दिली. मुलीने तो थर लावला होता, पण चौकटी वाचविण्यासाठी अँटेनाच्या फार जवळ. तो लाटेबरोबर अँटेनाच्या कुशीतली वीजही बिघडवीत होता. भिंत सरकली आणि ताळा जमला.

घरच्यांनी काय करावे?

अशा घरांसाठी दोन शब्द. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे या पदवीस किमान ३ वर्षे लागतात आणि सर्वसाधारण मर्यादा ६ वर्षांची आहे. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली, तर २०२३ पासून तिचा दर महिना ३७,००० रुपये आहे. म्हणजे संशोधन करणारे मूल रिकामटेकडे नसते. विषय निवडताना विद्यापीठाच्या नावाइतकीच मार्गदर्शकाची चौकशी करावी. चूक घेऊन त्याच्या दारात जाता येते का, हे त्याच्या आजीमाजी विद्यार्थ्यांना विचारावे. आणि "कधी संपणार?" हा प्रश्न घरात महिन्यातून एकदाच विचारावा; रोज नव्हे.

यंदा धनत्रयोदशीला मुलीची तोंडी परीक्षा होऊन पंधरा दिवस झाले होते. काकू दारात ठिपके मोजीत बसल्या होत्या. मुलगी शेजारी टेकली आणि म्हणाली, "काकू, कडेचे ठिपके भिंतीपासून जरा दूर घ्या."

"ते का ग?" काकूंनी विचारले.

मग दोघी तेथेच बसून राहिल्या. पणत्या लावायची वेळ झाली, तरी एकीचे सांगणे संपेना आणि दुसरीचे विचारणे.