गटांचा क्रम

रसायनशास्त्राच्या पदवीवर्गातील विद्यार्थ्याला प्रात्यक्षिकाच्या तासाला नंबर घातलेल्या पुडीतून चिमूटभर अज्ञात मिश्रण मिळते, आणि त्यातील मूलके हुडकून काढण्याचे जे काम त्याच्यावर येते ते फौजदारी तपासाच्याच जातीचे असते. संशय कितीही बळावला, तरी पुराव्यावाचून फैसला होत नाही. या तपासाचा शिस्तबद्ध मार्ग जर्मन रसायनज्ञ फ्रेसेनियस यांनी १८४१ साली ग्रंथरूपाने मांडला, आणि आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवरील तक्ता हा त्याच परंपरेचा वारस होता.

त्या तक्त्यातील खरे मर्म मूलकांच्या गटांच्या क्रमात आहे. किप्पच्या उपकरणातून निघणारा, सडक्या अंड्यांच्या दर्पाचा हायड्रोजन सल्फाइड वायू आम्लयुक्त द्रावणात सोडला, की तांब्याचा काळा, कॅडमियमचा पिवळा आणि अँटिमनीचा नारिंगी अवक्षेप तळाशी बसतो. जस्त, मँगनीज व निकेल मात्र त्याच नळीत असूनही हलत नाहीत, कारण आम्लामुळे सल्फाइड आयन इतके घटतात की ज्यांची सल्फाइडे अत्यल्प विद्राव्य, तेवढेच धातू बाहेर पडतात. पुढे अमोनियाने आम्लता घालविल्यावर हाच वायू जस्ताला पांढऱ्या, मँगनीजला मांसवर्णी आणि निकेलला काळ्या रूपात हजर करतो. तिसऱ्या गटात अमोनियम हायड्रॉक्साइडच्या आधी अमोनियम क्लोराइड घालण्याचा दंडकही याच न्यायाचा आहे; हायड्रॉक्सिल आयन आवरले जातात, आणि लोह, ॲल्युमिनियम व क्रोमियम यांच्याखेरीज कोणी खाली बसत नाही.

निकेलचा संशय आल्यावर अमोनियायुक्त द्रावणात डायमिथिल ग्लायॉक्झिमचे दोन थेंब टाकून नळीत दाटणारा गुलाबी-तांबडा अवक्षेप ज्याने स्वतःच्या हाताने पाहिला, त्याला निकेलची ओळख पाठ करावी लागत नाही.

तथापि, शेजाऱ्याकडून उत्तर मिळवून मग जर्नलात निरीक्षणांचा तपशील उलट्या दिशेने भरण्याची चाल महाविद्यालयांत सर्रास चालते. तिने सहीचा दाखला मिळतो, गुणही पदरात पडतात. परंतु अमोनियम क्लोराइड आधी का, या एका प्रश्नाला ज्याच्यापाशी उत्तर नाही, तो रसायनशास्त्र शिकला असे म्हणता येत नाही.