नकार वाचता आला पाहिजे

पावसाळ्यात सांगलीकर आयर्विन पुलाखालची पातळी विचारतो. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. पाणी मात्र वरून आलेले असते. पाणलोटात किती कोसळले, सातारा जिल्ह्यातल्या कोयनेतून किती सोडले, या सगळ्याची बेरीज पुलाच्या मोजपट्टीवर उमटते. पट्टीने पूर आणला असे कोणी म्हणत नाही. लिनक्सच्या संगणकावर ‘अनमेट डिपेन्डन्सीज’, म्हणजे अपुऱ्या राहिलेल्या अटी, असा संदेश आला की मात्र नेमके तेच म्हटले जाते: प्रोग्राम बसवणारा पॅकेज मॅनेजर बिघडला. बहुतेक वेळा तो बिघडलेला नसतो. दूरदूरच्या लोकांनी घातलेल्या अटी एकमेकींत बसत नाहीत, एवढेच तो सांगत असतो. म्हणून हे काम दुरुस्तीचे कमी आणि वाचनाचे जास्त आहे.

१९९३ साली सुरू झालेल्या डेबियन या लिनक्स प्रणालीत आणि पुढे त्यावर उभ्या राहिलेल्या उबुंटूत प्रत्येक पॅकेज आपल्या अटी सोबत घेऊन येते. मला अमुक लायब्ररी हवी, या आवृत्तीपासून पुढची हवी, तमुक पॅकेज शेजारी चालणार नाही. पॅकेजे जिथून उतरवली जातात त्या एका भांडारातली पॅकेजे एकमेकांशी जुळवूनच ठेवलेली असतात. तंटा बहुधा बाहेरून येतो. एखाद्या नव्या प्रोग्रामसाठी परके भांडार जोडले जाते, ते एक लायब्ररी पुढच्या आवृत्तीवर नेते आणि जुन्या आवृत्तीवर अडून बसलेली पाच पॅकेजे अडकतात. अशा वेळी ॲप्ट या तिथल्या पॅकेज मॅनेजरची ‘ॲप्ट-कॅश पॉलिसी’ ही कमांड कोणती आवृत्ती कुठल्या भांडारातून आली ते दाखवते. ‘ॲप्ट-मार्क शोहोल्ड’ कोणते पॅकेज आपणच रोखून धरले आहे ते सांगते. प्रत्यक्ष काही न बदलता नुसती रंगीत तालीमही घेता येते. एवढे पाहिले की कोणाची अट सोडायची हा प्रश्न स्पष्ट होतो. उत्तर अनेकदा अगदी साधे निघते: परके भांडार काढा, ती लायब्ररी एक आवृत्ती मागे आणा, किंवा भांडारातली अदलाबदल पुरी होईपर्यंत दोन दिवस थांबा.

यावर पहिला आक्षेप असा की हे यंत्रानेच सोडवावे. यंत्र ते करतेच, आणि काम सोपे नाही. अटींच्या अशा जाळ्यातून मार्ग आहे की नाही हे ठरवणे गणिताच्या अत्यंत अवघड प्रश्नांच्या वर्गात मोडते, हे सिद्ध झालेले आहे. ओपनसुसे या दुसऱ्या लिनक्स प्रणालीने २००८ पासून त्यासाठी तर्कशास्त्रावर बेतलेला सॉल्व्हर वापरला. पण सुसंगत उत्तर हे आपल्याला हवे असलेले उत्तर असेलच असे नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये उबुंटूवर बेतलेल्या पॉप ओएसवर स्टीम हा खेळांचा प्रोग्राम बसवू पाहणाऱ्या एका प्रसिद्ध यूट्यूबरसमोर ॲप्टने असेच उत्तर ठेवले: स्टीम येईल, डेस्कटॉप जाईल. इशारा पडद्यावर होता. मागितलेले संमतीचे वाक्य त्याने टाइप केले आणि डेस्कटॉप गेला. पुढे ॲप्टने ती वाट अवघड केली, हे योग्यच झाले. तरीही काय गमावणे परवडेल, हे अटींच्या यादीत कुठेच लिहिलेले नसते. ते वापरणाऱ्यालाच ठाऊक.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. प्रत्येक प्रोग्रामने आपल्या लायब्रऱ्या सोबतच आणाव्यात, म्हणजे भांडणच नको. फ्लॅटपॅक, स्नॅप, ॲपइमेज कमीअधिक प्रमाणात हेच करतात, आणि एखाद्या हट्टी प्रोग्रामसाठी तो मार्ग खुशाल घ्यावा. पण एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या सुरक्षित संवादाच्या लायब्ररीतले हार्टब्लीड हे भगदाड उघड झाले, तेव्हा सामाईक लायब्ररीची एक सुधारित प्रत बसवून सेवा पुन्हा सुरू केल्या की तिच्यावर चालणारे सगळे प्रोग्राम सावरत होते. ज्यांनी आपापली प्रत आत गुंडाळली होती, त्यांची दुरुस्ती ज्याची त्याने करायची होती. वेगळी चूल मांडली की भांडण मिटते, पण मग प्रत्येक चुलीची राख वेगळी काढावी लागते.

सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा लिनक्स गट आहे. अशा ठिकाणी नवख्याच्या हाती आधी ‘फोर्स’चा पर्याय पडू नये. जबरदस्तीने पॅकेज बसते, पण अपुरी राहिलेली अट तशीच राहते आणि पुढच्या प्रत्येक अपडेटला आडवी येते. नवख्याने आधी नकाराचा संदेश शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा, आणि बाहेरचे कोणते भांडार कधी व कशासाठी जोडले याची नोंद एका वहीत ठेवावी. निम्मे तंटे त्या वहीतच सुटतात.