पाण्याचा रकाना कोराच

झाशीहून कानपूरच्या रस्त्याला लागले, की बेतवाकाठी पारीछा औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात. अशा चिमण्यांतला कार्बन डायऑक्साइड पकडून जुन्या तेलक्षेत्रांत सोडावा, म्हणजे उरलेले तेल वर येईल आणि वायूही भूगर्भात राहील, हा विचार धोरणकर्त्यांत रुजला आहे. नीती आयोगाने २०२२ मध्ये या विषयावर अहवाल काढला. त्याआधी २०१९ मध्ये कोयली तेलशुद्धीकरण कारखान्यातील वायू भरूचजवळच्या गंधार क्षेत्रात सोडण्यासाठी ओएनजीसी आणि इंडियन ऑइल यांच्यात सामंजस्य करार झाला. या चर्चेत वायूचे टन मोजले जातात. पाण्याविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही.

वास्तविक पाण्यावाचून हे तंत्र चालत नाही. नुसता वायू सोडला तर तो तेलाला मागे टाकून सुसाट पुढे निघतो. म्हणून काही काळ वायू, काही काळ पाणी, अशी आलटून-पालटून भरणी करतात. वायू तेलात मिसळून त्याला फुगवतो, पातळ करतो. पाणी त्याला पुढे रेटते. परंतु हे पाणी कोणते? गोड्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड अधिक विरघळतो, खाऱ्या पाण्यात कमी. म्हणजे पाणी गोडे असेल, तर तेलासाठी आणलेल्या वायूतला मोठा वाटा पाणीच गिळते. शिवाय वालुकाश्मात चिकणमाती असेल, तर फार गोडे पाणी तिला फुगवून खडकाची सूक्ष्म छिद्रे बुजवू शकते.

खाऱ्या पाण्याचेही उपद्रव आहेतच. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे पावणेतीन ग्रॅम सल्फेट असते. थरातील मूळ पाण्यात बेरियम असल्यास दोघांच्या भेटीत असा कठीण साका जमतो, की तो आम्लानेही सहजी निघत नाही. १९७४ मध्ये तेल सापडलेल्या मुंबई हाय क्षेत्रात १९८४ पासून समुद्राचेच पाणी भरले जाते आणि तेथील मुख्य तेलथर चुनखडीचा आहे. अशा थरात वायू सोडायचा, तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागेल. वायू विरघळला, की पाणी आम्लधर्मी होऊन चुनखडी खाते. उत्पादक विहिरीपाशी दाब उतरला, की वायू सुटतो आणि विरघळलेला चुना तेथेच साकळतो. हेच आम्लधर्मी पाणी पोलादी नळ्याही कुरतडते. झाशीचा किल्ला ग्रॅनाइटच्या टेकडीवर आहे, त्याला असल्या पाण्याचे फारसे भय नाही. चुनखडीचे तसे नव्हे.

मी सेवेत असताना एका जिल्ह्याच्या मासिक अहवालात नव्या हातपंपांची संख्या काटेकोरपणे भरलेली असे. पाणी कसे लागले, हा रकानाच त्यात नव्हता. तो घालावा म्हणून मी दोनदा टिपण पाठवले, उत्तर आले नाही. पंप चालू दाखवले गेले आणि बाया जुन्याच विहिरीवर जात राहिल्या.

वायूसाठी सार्वजनिक पैसा द्यायचाच असेल, तर प्रत्येक क्षेत्रातील मूळ पाण्याचे आणि भरावयाच्या पाण्याचे संपूर्ण पृथक्करण आधी मागावे. त्याच थरातून काढलेल्या खडकाच्या नमुन्यावर, तेथल्याच दाबाला आणि तापमानाला, पाणी व वायू एकत्र घालून चाचणी घ्यावी. तिचे निष्कर्ष संसदीय समितीपुढे ठेवावेत, आणि अनुदानाचा पहिला हप्ता त्यानंतरच सुटावा.